ओल्या रंगावरचं कुंकू

मी सहजासहजी दिपून जाणारी बाई नव्हे. माहेरी मला फटकळ म्हणायचे, सासरी आल्यावर त्याला 'भारीच' जोडलं गेलं, एवढाच फरक. कुणी हौसेनं नवा बंगला दाखवला तर माझं लक्ष आधी भिंतीतल्या ओलीकडं जातं. पण एका पत्र्याच्या पेटीपायी मी सरकारशी भांडायला गेले, आणि त्या भांडणात इतक्या वेळा माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, की ते सगळं एकदा लिहून काढावंसं वाटलं.

आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पेट्यांचं वर्कशॉप आहे. वसतिगृहात राहायला जाणारी पोरं कडी-कोयंड्याची पत्र्याची पेटी घेऊन जातात ना, ती आम्ही करतो. माझ्या थोरल्या दिरांनी एका जुन्या प्रेस मशिनवर हे सुरू केलं होतं. ते अचानक गेले तेव्हा भावकीनं धरूनच चाललं होतं, की आता शटर कायमचं खाली. माझे यजमान वारणानगरला डेअरीत नोकरीला. त्यांना दुधातलं फॅट कळतं, पत्र्याची जाडी कळत नाही. मग थोरल्या जाऊबाई आणि मी, दोघींनीच ते चालवायला घेतलं. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांचं माहेर नेसरीकडचं, तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि त्या मला जाऊ कमी आणि बहीण जास्त आहेत. पत्रा आणणं, कापून घेणं, फोनवर बोलणं आणि लागेल तिथं भांडणं हे माझ्याकडं. रंगकाम अक्कांकडं. हाताखाली चार बाया आहेत, पण झाकणावरचा शेवटचा हात अक्का दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

आमच्याकडं एक रीत आहे. नव्या कामातली पहिली पेटी तयार झाली, की तिच्या झाकणावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट टेकवल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जात नाही. दीर होते तेव्हा ते मशिन बंद करून अक्कांना हाक मारायचे. "तुझाच हात लागू दे," म्हणायचे. अक्का पदराला हात पुसत यायच्या, बोट टेकवायच्या आणि लाजल्यासारखं करून परत ब्रश उचलायच्या. दीर गेले, अक्कांनी कपाळावरचं कुंकू पुसलं आणि त्याबरोबर पेटीवरचंही सोडलं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. पहिली पेटी तयार व्हायची वेळ आली की त्या बरोबर ब्रश धुवायला मागं निघून जायच्या आणि कुंकवाचा करंडा माझ्या हातात यायचा. मी लावायची, पण दरवेळी माझ्या डोक्यात तिडीक उठायची. पेटीला रंग त्यांनी द्यायचा, दिवसभर वास त्यांनी घ्यायचा, आणि बोट टेकवताना मात्र त्यांनी लपून बसायचं.

अशात एका सरकारी कार्यालयाचं टेंडर निघालं. वसतिगृहांच्या मुलांसाठी ते कार्यालय वस्तू खरेदी करतं. आम्हाला ते काम मिळालं असतं तर पुढचं वर्षभर बाया घरी बसवायची पाळी आली नसती. टेंडरची रीत अशी, की आधी कागदपत्रं तपासायची, मग नमुन्याची पेटी आणि ती पास झाली तरच भावाचं पाकीट उघडायचं. पेटी कुणाची आहे हे तपासणाऱ्या समितीला कळू नये म्हणून नमुन्यावर नाव, शिक्का, स्टिकर किंवा 'निविदाधारकाची ओळख पटेल अशी कोणतीही खूण' नसावी, असा नियम होता. मला तर तो वाचून बरंच वाटलं. चला, म्हटलं, एक तरी ठिकाण असं आहे जिथं कुणाचा कोण लागतो ते विचारत नाहीत.

नमुन्याची पेटी अक्कांनी रंगवली. राखाडी रंग मागितला होता. हवेत ओल होती, तरी झाकण असं उतरलं होतं की त्यात छताची ट्यूबलाईट दिसत होती. दारात टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला, तशा अक्का नेहमीप्रमाणे मागं निघाल्या. मी त्यांचा हात धरला.

"अक्का, आज तुम्ही लावा."

"मी? अगं, काय बोलतीस? शुभ काम हाय."

"म्हणूनच की. पेटी तुमच्या रंगावर पास व्हायची हाय, माझ्या तोंडावर न्हाय."

बायांनी मशिनं थांबवली. अक्कांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि करंड्यात बोट बुडवून झाकणावर टेकवलं. आधी हळद, मग कुंकू. मी त्यांचा चेहरा बघत राहिले. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. बोट उचललं तेव्हा रंगाला किंचित चिकटलं. वरचा हात अजून पुरता वाळला नव्हता. तरी ते कुंकू पुसावं असं आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही. नियम मी स्वतः वाचला होता. पण आमच्या डोक्यात खूण म्हणजे नाव, शिक्का, स्टिकर. कुंकवाला कुणी खूण म्हणेल हे आम्हाला कुठून सुचणार?

निकाल संगणकावर आला. 'नमुना अपात्र. कारण: ओळखचिन्ह.'

मी तडक कार्यालयात गेले. तिथले साहेब इतके सभ्य निघाले की माझा राग आणखीच वाढला. बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. पेटीचा फोटो दाखवला. राखाडी रंगात हळद आणि कुंकू अगदी रुतून बसलं होतं.

"साहेब, हे कुंकू हाय."

"तेच म्हणतोय मॅडम. खूण आहे."

"कुणाची? ह्यावरनं तुम्हाला कोण ओळखू आलं?"

"ते आम्ही बघायचं नसतं. खूण दिसली की पेटी बाजूला. तुम्ही पुसून आणायचं होतं."

पुसून आणायचं होतं. त्यांनी ते सहज म्हटलं, त्यांचा काही दोष नव्हता. पण मला तो शब्द घरी येईपर्यंत टोचत राहिला, आणि अक्कांना सांगताना मी तो गाळला.

गाळून उपयोग झाला नाही. बातमी भावकीत फिरली आणि दुसऱ्याच दिवशी चुलत सासूबाई वर्कशॉपमध्ये येऊन बसल्या. आमचाच चहा बशीत ओतून, फुंकर घालता घालता, अक्कांना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "विधवेचा हात लागल्यावर आनि काय व्हनार? मी म्हन्तीया, मुद्दाम कशाला करायचं?"

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या बशी तशीच ठेवून गेल्या. पण अक्का त्यांच्यावर रागावल्याच नाहीत, हे मला सहन होईना. त्या खाली बघून म्हणाल्या, "खरंच हाय की त्यांचं. तू उगं भांडलीस." दुपारी डबा खायला त्या आमच्यात बसल्या नाहीत. संध्याकाळी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवताना म्हणाल्या, "दिवाळी झाली की मी नेसरीला भावाकडं जाते. रंगाला दुसरी बाई बघा. माझ्या हातानं तुमचं वाटोळं व्हायला नगं."

इतकी वर्षं रंगाचा वास घेत ज्या बाईनं नवऱ्याचं वर्कशॉप उभं ठेवलं, तिला एका सरकारी शेऱ्यानं आपला हात अशुभ असल्याचा दाखला मिळाल्यासारखं झालं होतं. टेंडर गेल्याचं दुःख मला होतंच, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री मी ठरवलं ते टेंडरसाठी नव्हे. अक्का नेसरीला गेल्या असत्या तर त्या हा शेरा जन्मभर बरोबर घेऊन गेल्या असत्या.

आधी मी कार्यालयाकडं लेखी हरकत घेतली. तिच्यावर एका ओळीचं उत्तर आलं, समितीचा निर्णय अंतिम आहे. मग यजमान पहिल्यांदाच या धंद्याच्या बाबतीत काहीतरी कामाचं बोलले. त्यांच्या डेअरीतल्या एकाचा भाचा जयसिंगपूरचा वकील होता. आणि आता हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरातच बसत होतं. पूर्वी असं काही करायचं तर मुंबईची वाट धरावी लागायची, तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय इथूनच लोकांचा दम निघायचा. आता रिक्षानं जाता येत होतं.

वकील तरुण होता. एसटीनं आला, पिशवीत कागद आणि भडंगाची पुडी. वर्कशॉपमध्ये उलट्या पेटीवर बसून त्यानं सगळं ऐकलं आणि पहिलंच वाक्य असं बोलला की मी त्याला चहाही देऊ नये असं मला वाटलं.

"ताई, कोर्ट टेंडरच्या मूल्यमापनात नाक खुपसत न्हाय. पेटी कुणाची चांगली, हे कोर्ट ठरवणार न्हाय. ते समितीचं काम."

"मग जायचं कशाला?"

"कोर्ट एवढंच बघणार, की समितीनं आपलाच नियम नीट वाचला का आणि सगळ्यांना सारखा लावला का. सरकारला तुमच्याकडनं पेटी न घ्यायचा हक्क हाय. पण का न्हाय घेतली, ह्याचं उत्तर द्यायला लागतंय. आणि त्या उत्तराला अर्थ असायला लागतोय."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी आयुष्यभर सरकारी खिडकीसमोर उभी राहिलेली. माझ्या समजुतीप्रमाणे खिडकीच्या आतला माणूस 'नाही' म्हणाला की संपलं, फार तर ओळखीचा माणूस शोधायचा. कुठलीही ओळख नसताना, माझ्यासारख्या बाईनं 'का?' विचारलं तर एवढ्या मोठ्या सरकारला उत्तर द्यावं लागतं, हे ऐकून मी खरंच चकित झाले. मी त्याला चहा दिला. वर दोन बिस्किटं दिली.

त्यानं विचारलं, "ही कुंकू लावायची रीत तुमच्या एकट्याची का अजून कुणाची?"

मी हसले. "सगळं कोल्हापूर लावतंय की. काय विचारताय?"

"आम्ही न्हाय लावत," तो शांतपणे म्हणाला. "आमचं घर बौद्ध. त्यामुळं सगळे लावतात असं लिहायचं न्हाय, ते खोटं होईल. बरेचजण लावतात, असं लिहू. आणि ते दाखवायला लागणार. जी खूण बऱ्याच जणांची असती, ती एकाची ओळख कशी होईल? आपलं सगळं म्हणणं एवढ्यावर हाय."

मी वरमले. पण त्याचं ते नेमकं बोलणं मला आवडून गेलं. मग त्यानं विचारलं, बोट कुणी टेकवलं? आम्ही दोघी भागीदार, अर्ज दोघींच्या नावानं जाणार, तेव्हा त्यात घडलं तसं लिहावं लागेल. मी अक्कांकडं बघितलं. त्या ब्रश घेऊन दाराशी उभ्या होत्या.

"मी," त्या म्हणाल्या. "पर विधवा म्हनून लिवू नगासा."

"न्हाय लिहिलं तरी चालेल," वकील म्हणाला. "कायद्याला त्याची गरज न्हाय. पण आमच्या आईचं सांगतो. वडील गेल्यावर तिचं काहीच बदललं न्हाय. घरातलं चांगलं काम असलं की आजपण तिलाच पुढं घालतोय. तुमच्यात वेगळं असतंय, म्हाईत हाय मला. तुमची इच्छा."

अक्का आत गेल्या. बराच वेळ ब्रश फिरल्याचा आवाज येत राहिला. वकील कागद पिशवीत भरून उठला तेव्हा त्या परत आल्या. "खरं हाय ते लिवा. सगळं लिवा."

मग पुरावे गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. गल्लीभर हिंडून मी फोटो काढले. लेथ मशिनवर कुंकू, वजनकाट्यावर कुंकू, टेम्पोच्या नंबरप्लेटवर कुंकू. फ्रिज दुरुस्तीवाल्याच्या दुकानात तर गिऱ्हाइकाच्या फ्रिजला लावलेलं. पण खरी मजा कार्यालयात झाली. आधी दिलेल्या हरकतीची पोच घ्यायला मी गेले होते, आणि साहेबांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटावर, हँडलच्या वर, गेल्या खंडेनवमीचं हळद-कुंकू दिसलं. शेजारच्या प्रिंटरवरही होतं. पहिल्या वेळी मी रागाच्या भरात त्याच कपाटाकडं तोंड करून बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं! त्यांची परवानगी मागून मी फोटो काढला. ते नको म्हणाले नाहीत. थोडे हसलेही.

आता प्रश्न उरला तो समोरच्या मालकांचा. आमच्या समोरच त्यांचं पेट्यांचं मोठं वर्कशॉप आहे, रंग भाजायची भट्टी आहे, आणि याच टेंडरमध्ये त्यांचा नमुना पास झाला होता. दिरांचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघांची भर रस्त्यात जुंपायची. आम्ही बाजूला पडलो तर त्यांचाच फायदा होता. तरी मी वकिलाला घेऊन गेले, कारण गल्लीत त्यांना वगळलं असतं तर ते डोळ्यावर आलं असतं.

त्यांनी आमच्या वकिलाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावणं, कुठलं तुमी? जयसिंगपूर? मग ऐका. टेंडर मीच घेनार हाय, आधीच सांगतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पर थोरल्या वैनीच्या हाताला नाव ठेवून न्हाय घेनार. माझ्या पेटीला पन कुंकू लावलतं. मला नियम म्हाईत, म्हनून कापसानं पुसलं. माझ्याकडं भट्टी हाय, रंग खडखडीत वाळलाता, गेलं पुसून. तुमचा वल्ला व्हता, न्हाय गेलं. म्हंजे काय, समितीनं पेटी तपासलीच न्हाय. माझी भट्टी तपासली. लिवून घ्या, कुठं सही करू?"

वकिलाचा पेन हातातच राहिला. मी तर त्या माणसाला इतकी वर्षं नाकानं कांदे सोलणारा समजत होते. स्वतःच्या पायावर धोंडा पडू शकतो हे कळत असून त्यानं प्रतिज्ञापत्रावर सही केली, आणि सही करून झाल्यावर, आमचा टेम्पो त्यांच्या दारात उभा राहतो म्हणून मला चार शब्द सुनावले. मी उलटून बोलले नाही. माझ्या बाबतीत हेसुद्धा नवलच.

पहिल्या तारखेला कोर्टानं एवढंच सांगितलं, की भावाची पाकिटं तूर्त उघडू नका, आणि पुढच्या तारखेला नमुन्याची पेटी इथं आणून दाखवा. दुसऱ्या तारखेला मी अक्कांना घेऊन गेले. त्या यायला तयार नव्हत्या. आपण तिथं असलो तर काम बिघडेल, असं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, बाहेर बाकावर बसा. त्या बाहेर बसल्या, आणि मग कधीतरी आत येऊन अगदी शेवटी, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मला वाटलं होतं कोर्ट म्हणजे हातोडा आणि आरडाओरडा. तसलं काही नव्हतं. गार खोली, काळे कोट, पानं उलटल्याचा आवाज. दोन न्यायमूर्ती बसलेले, आणि ते इतकं हळू बोलत होते की त्यांचं ऐकायला सगळी खोली आपोआप गप्प राहत होती. आमच्या आधी कुणाच्या शाळेचं होतं, कुणाच्या जमिनीचं होतं. प्रत्येकाला तेवढंच लक्ष देऊन ऐकत होते. आम्ही पेट्यावाल्या बाया. आणि या शाळेच्या, जमिनीच्या ओळीत आमच्या पेटीलाही एक जागा होती.

आमचा नंबर आला. कार्यालयाच्या शिपायानं पेटी उचलून आणली आणि टेबलावर ठेवताना तिचा कोपरा आपटला. 'ठण्ण' असा आवाज घुमला. माझा जीव कळवळला, पोचा आला असता तर? ज्येष्ठ न्यायमूर्तींनी ती जवळ आणायला सांगितली. दोघांनी वाकून झाकणाकडं बघितलं. एकानं चष्मा काढला, परत घातला. मी ते दृश्य विसरूच शकत नाही. दीर ज्या मशिनसमोर घामाघूम व्हायचे त्या मशिनवरचा पत्रा, अक्कांचा राखाडी रंग, त्यावर त्यांच्या बोटाच्या रेघांसकट उमटलेलं कुंकू, आणि त्यावर वाकलेली ती दोन मोठी माणसं. मागं वळून बघितलं तर अक्कांनी पदर तोंडावर धरलेला.

इंग्रजी मला तुटक कळतं. पण त्यांनी सरकारी वकिलांना जे विचारलं ते मला पूर्ण कळलं, कारण मी तेच त्या कार्यालयात विचारून आले होते. या खुणेवरून समितीनं कुणाला ओळखलं?

"कुणालाच नाही," सरकारी वकील म्हणाले. "पण नियमात 'कोणतीही खूण' असं आहे."

न्यायमूर्तींनी नियम मागवला, वाचला, आणि या वेळी ते मराठीत बोलले. "'ओळख पटेल अशी कोणतीही खूण.' समितीनं शेवटचे दोन शब्द वाचले. आधीचे तीन सोडून दिले."

मग आमच्या वकिलानं गल्लीतले फोटो पुढं केले आणि सगळ्यांत शेवटी कार्यालयाचं कपाट. खोलीत हलकं हसू पसरलं. सरकारी वकीलसुद्धा हसले, बिचारे भले गृहस्थ होते. समोरच्या मालकांचं प्रतिज्ञापत्र वाचताना मात्र कुणी हसलं नाही. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि शेजारी सरकवलं.

निकाल तिथंच तोंडी सांगायला सुरुवात झाली, टाइप करणाऱ्याची बोटं चालू लागली. माझ्या डोक्यात सगळं इंग्रजी एकात एक मिसळून गेलं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात ते संपलंही, आणि पुढच्याचा नंबर पुकारला.

व्हरांड्यात आम्ही वकिलाला गाठलं. तो खूश होता. "आपली पेटी परत तपासणीत घ्यायला सांगितलीय. बाकीच्यांसारखीच तपासायची. चांगली का वाईट, ते समिती बघंल. त्यात कोर्ट पडलेलं न्हाय."

"आणि कुंकवाचं?" मी विचारलं.

त्यानं वहीत टिपलेलं वाचून मराठीत सांगितलं. "नमुन्यावरचं चिन्ह हे निविदाधारकाची ओळख पटवणारं चिन्ह नाही. या भागात अनेक लोक नव्या वस्तूला लावतात ते शुभचिन्ह आहे."

अक्का माझ्या मागं होत्या. त्या पुढं आल्या. "कसलं चिन्ह म्हनले?"

"शुभचिन्ह."

"न्हाय, पर..." त्या वकिलाच्या वहीत डोकावल्या. "त्येंला ठावं हाय का, ते कुनी लावलंय?"

"ठावं हाय की," वकील म्हणाला. "अर्जात पहिल्याच पानावर हाय. तुम्हीच लिवा म्हणालात. सगळं वाचूनच शुभ म्हटलंय त्यांनी."

अक्का खाली पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. मला वाटलं त्या रडतील, पण त्या आपल्या उजव्या हाताकडं बघत होत्या, उलटसुलट करून, नवी बांगडी भरल्यावर बघतात तसा. मग मात्र रडले मीच. आणि वकिलानं, काय करावं न सुचून, भडंगाची पुडी फोडून आमच्यापुढं धरली.

पेटी परत तपासली गेली आणि पास झाली. भावाची पाकिटं उघडली. समोरच्या मालकांचा भाव आमच्यापेक्षा कमी निघाला. टेंडर त्यांनाच गेलं. म्हणाले होते तसंच केलं त्यांनी. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, आणि यजमानांनी 'एवढं करून काय मिळालं' असं विचारल्यावर त्यांचा असा उद्धार केला की ते जेवण अर्धं टाकून उठले. अक्का शांत होत्या. त्या ब्रश घेऊन आपल्या जागी उभ्या राहत होत्या, पण दिवाळीही जवळ आली होती. नेसरीचं त्यांनी परत काढलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती.

एका सकाळी समोरून दोन माणसं एक पेटी घेऊन रस्ता ओलांडताना दिसली. पेटी हँडलला तारेचे आकडे अडकवून, अंगाला न लावता, लांब धरून आणत होते. मागून मालक स्वतः, वाटेतल्या मोटारसायकली थांबवत. पेटी आमच्या दारात लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवली.

"वैनी, टेंडरची पहिली पेटी हाय," ते आतल्या अंधारात बघून म्हणाले. "तुमचा हात लागू द्या."

बायांनी मशिनं थांबवली. अक्का मागच्या दाराकडं गेल्या नाहीत. पदराला हात पुसत पुढं आल्या, वाकल्या, आणि सवयीनं बोटाची मागची बाजू झाकणाच्या कडेला हलकेच लावून बघितली.

"रंग वल्ला हाय की वो अजून. भट्टीत घातला न्हाई?"

"म्हाईत हाय," मालक म्हणाले. "वल्ल्यावरच लावा. मग घालतो भट्टीत. आता पुसायचं न्हाय."

मी, फटकळ बाई, लगबगीनं उठले. करंडा तेवढा अक्कांच्या पुढं धरला.